करवतीचे दात मोजणारं भिंग

साल दोन हजार तेवीस, महिना मे. माझं वय चौऱ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत, तीही अधूनमधून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझं शुद्धलेखन काढून दाखवायला नको. मी सकाळी कामठीहून नागपूरला गेलो आणि संध्याकाळी परत आलो. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढ्याचं काय प्रवासवर्णन लिहिता?" तो मिहानमध्ये (नागपूरच्या विमानतळाजवळची कंपन्यांची वसाहत) नोकरीला आहे, विमानानं हिंडतो. मी त्याला विचारलं, विमानानं जाऊन लोक काय घेऊन येतात? फोटोच ना? मी तर फोटो काढायचा डोळाच आणायला निघालो होतो.

कॅमेरा मुलाचाच. त्यानं हौसेनं घेतला, दोनदा वापरला आणि कपाटात टाकला. मी तो काढला आणि बटणं दाबून दाबून दोन वर्षांत शिकलो. त्याला दोन भिंगं होती, एक जवळचं आणि एक लांबचं. गरजेप्रमाणे एक काढायचं, दुसरं बसवायचं. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं पॉवरलूमनं खाल्ली आहेत, त्यामुळे ही काढघाल मला जड जाते. त्या आठवड्यात बाईच्या खोलीत भिंग बदलताना जवळचं हातातून सुटलं आणि थेट मागाच्या खड्ड्यात पडलं. काच तडकली. कॅमेऱ्याचं तोंड उघडं राहिलं, त्यात सुताचा तूस शिरला, आणि मग प्रत्येक फोटोवर माश्या बसल्यासारखे ठिपके. लांबचं भिंग उरलं, पण त्या लहान खोलीत त्यात माग मावतच नाही.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण यमुना. वय ऐंशीला एक कमी. आमच्याच अंगणात मागच्या खोलीत तिचा खड्डा माग आहे (जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं, तो हातमाग). आमच्यात बाईमाणसानं कांड्यांवर सूत भरायचं आणि पुरुषानं मागावर बसायचं, अशी रीत. बाप गेला, मी पॉवरलूमवर मजुरीला लागलो, आणि माग रिकामा राहिला. बाई विधवा होऊन माहेरी आली होती. एक दिवस पदर खोचून ती सरळ खड्ड्यात उतरली. लोक बोलले. ती विणत राहिली. करवती काठ (करवतीच्या दातांसारखी नक्षी) तिच्यासारखा दुसऱ्या कोणाचा मी पाहिला नाही.

आता माझी लाज सांगतो. मी चाळिशीत असताना आमच्या विणकर सोसायटीचे लोक कॅलेंडरसाठी फोटो काढायला आले. माग बाईचा, ताणा (मागावरचे उभे धागे) बाईचा, अर्धं लुगडं विणून झालेलं तेही बाईचं. फोटोवाला म्हणाला, "मागावर माणूस पाहिजे." बाईला उठवलं आणि मला बसवलं. मी बसलो. मिशी पिळून बसलो. कॅलेंडरवर छापून आलं, 'कुशल विणकर गणपतराव'. ते मी काचेत मढवून पुढच्या खोलीत लावलं आणि तीस-बत्तीस वर्षं पाहुण्यांना दाखवलं. बाईनं त्यावर एकदाच तोंड उघडलं. "फोटोत तू हायस गा, कापडात मी हाव." मी हसण्यावारी नेलं.

यंदा बाईच्या डोळ्याला मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. ती म्हणाली, डोळा झाला की माग नाही लावायचा, खूप झालं, खड्डा बुजवून तिथं माझी खाट टाका. मागावरचा ताणा वीतभर उरला होता. मी म्हटलं, बाई, चार दिवस थांब, मुलगा ऑनलाईन भिंग मागवून राहिला.

"कायले थांबू? उद्या सकाळी वीण संपते. तुले फोटो काढायचा असन तर काढ, नसन तर नको काढू."

तिचा मागावर बसलेला एकही फोटो या जगात नाही. एकही नाही. आणि हातात एकच दिवस. म्हणून मी निघालो.

निघताना बाईनं पेटीतून करवती काठाचा हातभर तुकडा काढून दिला. "दुकानदार गोड बोलन. तू त्याचं ऐकू नको. हा त्याच्यासमोर टांग. यात एक्केचाळीस दात हायेत. भिंग खरं असन तर एक्केचाळीसही दिसतीन." तिच्या स्वतःच्या तोंडात आता चार उरले आहेत.

शेअर ऑटोत नऊ माणसं कोंबून ऑटोवाला निघाला. माझ्या मांडीवर कॅमेऱ्याची थैली, खिशात कांदा. उन्हाळ्यात आम्ही कांद्याशिवाय घराबाहेर पडत नाही, ऊन लागत नाही. शहरातल्या लोकांनी हसायचं तर हसावं. पुढे मेट्रो धरली. खांबांवरून पूल, पुलावरून रस्ता, रस्त्यावरून आगगाडी, एकावर एक रचलेलं. आधी मात्र तपासणीच्या मशीनपाशी थैली अडकली. तिथला जवान म्हणाला, "बाबाजी, ये पीतल का क्या है?"

मी काढून दाखवलं. धागे मोजायचं पितळी भिंग, घडीचं, आगपेटीएवढं. कापडावर उभं करायचं, वरून एक डोळा लावायचा आणि इंचात किती धागे आहेत ते मोजायचं. पॉवरलूमवर पन्नास वर्षं हे माझ्या खिशात होतं.

"और ये?"

"कांदा."

"किस लिये?"

"तुझ्या ड्युटीवर सावली आहे म्हणून विचारून राहिला," मी म्हणालो. तो हसला आणि त्यानं सोडलं. गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. इतक्या उंचीवरून नागपूर मी पहिल्यांदा पाहिलं. गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, कूलरचे पिंजरे, वाळत टाकलेल्या कुरड्या. कोणत्या गच्चीवरची बाई कुरड्या उलथून राहिली हेही दिसत होतं, पण लांबचं भिंग घरी ठेवलेलं, कॅमेरा आंधळा होता. माझा जीव नुसता चुटपुटला.

बर्डीला उतरलो (सीताबर्डी, पण तसं कोणी म्हणत नाही). उन्हानं डांबर मऊ झालेलं. आधी एका ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले (पोह्यांवर चण्याचा लाल, तिखट रस्सा). तर्री मिशीला लागली, डोळ्यांतून पाणी आलं. ठेलेवाला म्हणाला, "काकाजी, कमी तिखट देऊ काय?" मी म्हटलं, "आणखी टाक." मग साबणानं दोनदा हात धुतले. तेलाच्या हातानं मी बाईच्या कापडाला शिवणार नव्हतो.

कॅमेऱ्याचं दुकान गल्लीत, पहिल्या मजल्यावर. आत थंडगार. काउंटरवर पस्तिशीची एक बाई, चष्मा डोक्यावर चढवलेला. मी विचारलं, "शेठ कुठं आहेत?"

"बँकेत गेले. काय पाहिजे काकाजी?"

"भिंग पाहिजे. शेठ आले की बोलतो."

"भिंगाचं मीच पाहते. शेठ आले तरी मलेच विचारतीन."

मी खुर्चीवर बसलो. दोन मिनिटं तसाच बसून राहिलो आणि मग माझी मलाच शरम वाटली. घरून कशासाठी निघालो होतो आणि इथं येऊन काय करून राहिलो! उठलो आणि तिच्यापुढे कॅमेरा ठेवला. तिनं आधी फुंकणीसारख्या रबरी पंपानं आतला तूस उडवला आणि मान हलवली. "हे कुठं उघडलं होतं? कापसाच्या गोदामात?"

"मागाच्या खोलीत. म्हणून असं भिंग पाहिजे की जे एकदा बसवलं की पुन्हा काढायचं काम नाही. आठ बाय दहाची खोली. दारातून अख्खा माग यावा, आणि तिथूनच हाताची बोटं यावीत. जागेवरून मी हलणार नाही."

"ऑल पर्पज झूम," ती म्हणाली. तिनं दोन डबे काढले. एकावर १८-१४०, दुसऱ्यावर १८-३००. कोपऱ्यात आणखी बारीक आकडे. "हे पहिले आकडे पल्ल्याचे. आणि हे दुसरे भोकाचे, उजेड किती आत येईन त्याचे. आता काकाजी, हे जरा उलटं असते, नीट ऐका. नंबर मोठा झाला तर भोक…"

"लहान," मी म्हणालो.

ती थांबली. "तुम्हाले कसं समजलं? हे समजवता समजवता माझं तोंड दुखते."

"सुतालाही तसंच आहे. नंबर मोठा तितकं सूत बारीक. वीसचं जाडंभरडं, शंभराचं तलम."

ती पाहतच राहिली, आणि मला चढली. इथंच मी फसलो. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की तीनशे म्हणजे एकशेचाळीसपेक्षा बारीक, तलम, वरच्या दर्जाचं. म्हणालो, "तीनशेचं द्या. साठ वर्षं मी नंबर वाचून राहिलो."

"काकाजी, तो नंबर बारीकपणाचा नाही. पल्ला वाढला की…"

"पोरी, मले शिकवू नको."

तेवढ्यात मुलाचा फोन. "बाबा, पोचलात? काही बोलू नका, अठरा-तीनशे घ्या. त्याला साडेचार स्टार आहेत. मी रिव्ह्यू वाचले."

आता दोघांचं एक झालं. पण मुलगा माझ्यासारखंच बोलतो म्हटल्यावर मलाच शंका आली. असं आमच्या दोघांत कधी होत नाही. थैलीतून मी बाईचा तुकडा काढला. "हा भिंतीवर लावा. फोटो काढून पाहू."

तिनं चार कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. पंख्याच्या वाऱ्यानं कापड हलत होतं, मी पंखा बंद करायला लावला. काठ तिरपा लागला होता, मी तो धाग्याला धागा जुळवून सरळ केला. यात दहा मिनिटं गेली. दुसरी गिऱ्हाइकं पाहून राहिली होती. मी म्हटलं, पाहा. तिनं कॅमेरा तिवईवर चढवला, तीनशेचं भिंग बसवलं, तुकडा या कडेपासून त्या कडेपर्यंत पुरेल असा फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर टाकला.

मी पितळी भिंग काढलं, काचेवर टेकवलं आणि डोळा लावला. आत काठ नाही, दात नाहीत, धागाही नाही. लाल, हिरवे, निळे ठिपके नुसते! "हे काय? सगळं सूत रंगीत कसं झालं?"

ती हसायला लागली ती थांबेना. एक गिऱ्हाईकही हसलं. "काकाजी, ते कॉम्प्युटरच्या काचेचे ठिपके आहेत. फोटो मोठा करायचा तर इथं करा," असं म्हणून तिनं चाक फिरवलं आणि बाईचा काठ माझ्या तोंडाएवढा झाला. मी पितळी भिंग गुपचूप खिशात टाकलं. कांद्याशेजारी.

मग बोट धरून मोजायला लागलो. मधले दात करकरीत, प्रत्येक टोक वेगळं. उजवीकडे सरकत गेलो तसे ते भिजल्यासारखे झाले. शेवटी शेवटी एकातून दुसरा वेगळा काढताच येईना. मी परत पहिल्यापासून मोजले. पस्तीस. खूप ओढाताण केली तर छत्तीस.

"बाईचे पाच दात खाल्ले यानं," मी म्हणालो.

"तेच मी सांगून राहिली होती. लांबचा पल्ला दिला की कुठंतरी मऊ पडते. मागाच्या खोलीत तुम्हाले तीनशे लागतेच काहून?"

मी लगेच हो म्हटलं नाही. एवढं सोपं नसतं ते. मी पाणी मागितलं, पाणी प्यालो आणि मग म्हणालो, "एकशेचाळीसचं लावा."

लावलं, फोटो काढला. डावीकडे धागा न् धागा वेगळा, मधेही तसाच. पण उजवा कोपरा पुन्हा मऊ. मी म्हटलं, "याची एक बाजू ढिली आहे. मागावर एका अंगाचा ताणा सैल राहिला की कापड असंच एकीकडं झोपते."

ती चष्मा डोळ्यांवर घेऊन जवळ आली. बराच वेळ पाहत राहिली. "बरोबर आहे. आतली काच जराशी सरकली असन. दुसरा नग काढून पाहावा लागन."

शेठ तेव्हाच आत आले. पंखा बंद, भिंतीवर लुगड्याचा काठ, टेबलावर उघडे डबे. "ये क्या चल रहा है? दूसरा पीस नहीं खोलेंगे काकाजी. पॅक माल पॅकही जाएगा."

"मग मीही तसाच जाईन."

"अरे, इतना कोना कोई नहीं देखता! ये कोई कपडे की दुकान है?"

"कापडाच्या दुकानात तरी गिऱ्हाइकासमोर ताका उलगडून दाखवतात," मी म्हणालो. "तुम्ही डबा दाखवून पैसे घेऊन राहिले."

 मनात मात्र हिशेब चालू. दुसरं दुकान कुठं शोधू, वाजले किती, बाई तर सकाळी कापड उतरवून मोकळी होईल. पण तोंडावर काही दाखवलं नाही. काउंटरवरचीच मधे बोलली. "शेठ, काकाजी खोटं नाही बोलून राहिले. मले दिसून राहिलं. हा नग मी कोणालेच देणार नाही, परत पाठवीन." शेठनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरकडे, आणि कपाटाची किल्ली तिच्यापुढे टाकली.

दुसरा नग. फोटो. मी डावीकडून बोट सरकवलं. वीस झाले, तीस झाले, पस्तीस झाले. उजवा कोपरा आला. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. एक्केचाळिसावा दात अगदी कडेला, टोकदार, टोचेल असा.

"हेच," मी म्हणालो.

"छान झालं," ती म्हणाली. "आणि यात हात थरथरला तरी भिंग सावरून घेते. हे बटण तेवढं बंद करू नका."

"माझा हात थरथरत नाही." मी बटण बंद केलं, कॅमेरा उचलला, श्वास रोखला आणि फोटो काढला. काठ हलून लोण्यासारखा पसरला.   बटण मी परत लावलं.

निघताना मी तिला म्हणालो, "मघा शेठ कुठं विचारलं, ते चुकलं माझं." ती म्हणाली, "रोजचंच आहे काकाजी. पण चुकलं असं सांगणारे तुम्ही पहिले." मग जिन्यातून मुलाला फोन लावला. "तुझे साडेचार स्टार उजव्या कोपऱ्यात विरघळले रे बाबा. मी एकशेचाळीस घेतलं."

"कोणी सांगितलं?"

"तुझ्या आत्याच्या दातांनी." त्याला काही समजलं नाही, मीही समजावलं नाही.

एका सावजी भोजनालयात जेवलो (हे झणझणीत जेवण आम्हा विणकरांच्याच घरातलं, आता त्याच्या पाट्या लागल्या). भिंगाची पिशवी दोन गुडघ्यांत धरली होती. वाढणारा म्हणाला, खाली ठेवा. मी म्हटलं, तू भाकर आण.

परतीच्या मेट्रोत पुन्हा खिडकी मिळाली. कॅमेरा आता डोळस होता, पण मी एकही फोटो काढला नाही. पहिला फोटो कोणाचा ते ठरलेलं होतं. बसल्या बसल्या मी विचार करत होतो. साठ वर्षं नंबर वाचले याचा मला गर्व, आणि त्याच गर्वानं मी खोटं भिंग घेऊन आलो असतो. बाईचा तुकडा भिंतीवर नसता तर कॅमेऱ्यातला तूस गेला असता आणि ठिपके माझ्या डोक्यात राहिले असते. कॅलेंडरवाल्याचंही असंच झालं असेल. भिंग त्याचं चांगलं असेल, पण कोण बसलंय हे त्यानं मोजून पाहिलं नाही. आणि ज्याला माहीत होतं तो मिशी पिळत होता. कोणी म्हणेल, या वयात हा उपद्व्याप कशाला. याच वयात. आधी कुठं अक्कल होती?

घरी आलो तेव्हा बाई अंगणात खाटेवर बसली होती. मी तुकडा तिच्या हातात दिला.

"किती?" तिनं विचारलं.

"एक्केचाळीस."

तिनं तुकडा घडी करून पेटीत ठेवला. "मंग ये सकाळी. उशीर केला तर मी थांबणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी तिच्या दारात उभा होतो. पूर्वेच्या खिडकीतून ऊन नेमकं मागावर पडलं होतं. बाई खड्ड्यात पाय सोडून बसलेली, आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे पळत होता, हवेत तूस उडत होता, आणि माझा कॅमेरा घट्ट बंद. भिंग अठरावर केलं, तर छपरापासून खड्ड्यापर्यंत अख्खा माग आला आणि मधे बाई. दारातून एक पाऊल न हलता एकशेचाळीसवर नेलं, तर तिची बोटं आली, बोटांखाली काठ, आणि काठाचे ओले वाटावेत असे ताजे दात. मग भिंग वर उचललं.

"तोंड काहून काढून राहिला गा? काठ काढ," ती मागावरूनच ओरडली.

"दोन्ही येते वं यात."

"आन खाली नाव कोनाचं टाकशीन?"

"ज्याचं कापड त्याचं."

तिनं शेवटचे चार-सहा हात मारले, कात्री मागितली आणि कापड कापलं. तोही फोटो आला. मग मी पुढच्या खोलीत गेलो, स्टुलावर चढलो आणि 'कुशल विणकर गणपतराव' भिंतीवरून खाली उतरवलं. खिळा मजबूत होता. तो तसाच ठेवला.